संगणकाच्या किल्ल्या

[एकच संगणक घरातील अनेक माणसे वापरतात. त्या सर्वांना सारखेच अधिकार द्यावेत का? रोजच्या कामासाठी कमी अधिकार असलेले खाते वापरल्याने घराचे आणि संगणकाचे रक्षण कसे होते, हे प्रस्तुत पाठात सोप्या उदाहरणांनी समजावून सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात कोणती किल्ली कोणाकडे असते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? बाहेरच्या दाराची किल्ली बहुधा घरातील सर्व मोठ्या माणसांकडे असते. कपाटाची किल्ली अम्मीकडे असते. दुकानाच्या कुलपाची किल्ली अब्बा आपल्या खिशात ठेवतात. घरी पाहुणे आले, तर आपण त्यांना मानाने बसवतो, सरबत देतो, जेवू घालतो. पण कपाटाची किल्ली त्यांच्या हातात देत नाही. याचा अर्थ आपण पाहुण्यांना चोर समजतो असा नाही. त्यांना कपाटाचे काही काम नसते, म्हणून त्याची किल्लीही त्यांना लागत नाही. ज्याचे जेवढे काम, तेवढ्याच किल्ल्या त्याच्याजवळ, ही घराची जुनी रीत आहे.

आता घरातल्या संगणकाकडे पाहा. तेथे मात्र आपण ही रीत विसरतो. संगणक विकत आणला, दुकानदाराने सुरू करून दिला, आणि त्या दिवसापासून घरातील सर्व माणसे एकाच नावाने तो वापरू लागली. त्या एका नावाजवळ सगळ्या किल्ल्या असतात. म्हणजे किल्ल्यांचा पूर्ण जुडगाच टेबलावर पडलेला असतो. जो येईल, तो उचलील.

असे झाले तर काय होते? एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. समजा, तुमच्या अब्बांचे शिवणकामाचे दुकान आहे. कोणाकडून किती पैसे येणे आहेत, कोणाचे कपडे कधी द्यायचे आहेत, हा सारा हिशेब ते रात्री संगणकावर लिहून ठेवतात. तुमची आपा बारावीला आहे. तिचा प्रकल्प आणि तिची प्रमाणपत्रे त्याच संगणकात आहेत. दादाजान आता हयात नाहीत. त्यांची छायाचित्रे आणि त्यांच्या आवाजातील दोन-चार ध्वनिफिती, एवढीच त्यांची आठवण संगणकात जपून ठेवलेली आहे. तुमचा धाकटा भाऊ दहा वर्षांचा आहे. त्याला खेळांचे वेड आहे.

एके दिवशी दुपारी सगळे आपापल्या कामात असताना भावाला इंटरनेटवर एक मोटारशर्यतीचा खेळ दिसतो. खेळ फुकट आहे, असे तेथे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. तो कळ दाबतो. संगणक विचारतो, “हा प्रोग्रॅम चालू करू का?” भाऊ म्हणतो, “हो.” खेळ सुरू होतो. मोटारी धावू लागतात. पण त्या खेळाच्या पोटात दुसराच एक प्रोग्रॅम लपलेला असतो. भाऊ मोटार पळवत असतो, तेव्हा हा लपलेला प्रोग्रॅम संगणकातील एकेक फाइल कुलूपबंद करत सुटतो. संध्याकाळी अब्बा हिशेब उघडू लागतात. हिशेब उघडत नाही. आपाचा प्रकल्प उघडत नाही. दादाजानचा चेहरा दिसत नाही. पडद्यावर फक्त एक निरोप दिसतो : ‘फाइली परत हव्या असतील, तर पैसे द्या.’

सर्व जण भावाला रागावतील. तो रडेल. पण खरा दोष कोणाचा? दहा वर्षांच्या मुलाला खेळ खेळावासा वाटला, यात नवल ते काय! त्याच्या हातात दुकानाची, कपाटाची आणि घराची अशा सगळ्या किल्ल्या एकदम दिल्या, हा दोष मोठ्यांचा आहे.

येथे संगणकाचा एक साधा नियम समजून घेतला पाहिजे. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या हुकमांची यादी. हा प्रोग्रॅम स्वतःचे अधिकार घेऊन येत नाही. जो माणूस तो चालू करतो, त्याचेच अधिकार त्याला मिळतात. तुम्हाला ज्या फाइली पुसता येतात, त्या फाइली तुम्ही चालू केलेल्या प्रोग्रॅमलाही पुसता येतात. तुम्हाला जे दार उघडत नाही, ते तुमच्या प्रोग्रॅमलाही सहसा उघडत नाही. म्हणून आपण कोणत्या अधिकाराने संगणकासमोर बसलो आहोत, याला फार महत्त्व आहे.

संगणकावर प्रत्येक माणसासाठी वेगळे खाते उघडता येते. बँकेत जसे प्रत्येकाचे वेगळे खाते असते, तसेच हे. खात्याला नाव असते आणि आत जाण्यासाठी परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड असतो. ही खाती मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार व्यवस्थापकाचा. त्याला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणतात. या खात्यातून नवे प्रोग्रॅम बसवता येतात, जुने काढता येतात, दुसऱ्यांची खाती उघडता किंवा बंद करता येतात आणि संगणकाच्या मुख्य व्यवस्थेत फेरफार करता येतात. दुसरा प्रकार साध्या वापरकर्त्याचा. त्याला ‘स्टँडर्ड यूझर’ म्हणतात. याचे अधिकार मर्यादित असतात. साध्या खात्यातून पत्र लिहिता येते, चित्र काढता येते, इंटरनेट पाहता येते, गाणी ऐकता येतात, छपाई करता येते. म्हणजे रोजची सर्व कामे होतात. मात्र संगणकाच्या मुख्य व्यवस्थेला हात लावता येत नाही आणि दुसऱ्याच्या खात्यातील खासगी फाइली उघडता येत नाहीत.

आता तोच प्रसंग पुन्हा आठवा. अब्बांचे खाते वेगळे, आपाचे वेगळे, भावाचे वेगळे आणि भावाचे खाते साधे, असे असते, तर काय झाले असते? भावाने तोच खेळ चालू केला असता, तरी त्यात लपलेल्या प्रोग्रॅमला भावाचेच अधिकार मिळाले असते. भावाच्या चार-दोन फाइली गेल्या असत्या. पण अब्बांच्या हिशेबाच्या दाराशी तो अडला असता. एका खोलीत लागलेली आग मधल्या भिंतीमुळे त्या खोलीतच राहावी, तसे झाले असते.

अधिकार वाटून देण्याची ही युक्ती संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या काळात गडाचा कारभार एकट्या माणसाच्या हाती नसे. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी असत आणि त्यांचा दर्जा सारखा असे. दारांच्या किल्ल्या हवालदाराकडे असत. हजेरी आणि हिशेब सबनीस पाही. धान्य आणि सामान यांच्या कोठाराची जबाबदारी कारखानीस नावाच्या अधिकाऱ्यावर असे. शत्रूने एखाद्याला लाच देऊन फोडले, तरी त्या एकट्याला गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये, असा यामागचा हेतू होता. मित्रांनो, या नावांकडे नीट पाहा. हवालदार या शब्दातील ‘दार’ आणि कारखानीस या शब्दात लपलेला ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, हे दोन्ही तुमच्या उर्दूच्या ओळखीचे आहेत. चिटणीस म्हणजे चिठ्ठीनवीस आणि फडणीस म्हणजे फर्दनवीस. तुमच्या भाषेतील शब्द मराठीत असे घर करून राहिले आहेत.

संगणकाच्या जगात ही गोष्ट शिकायला काही ठेचा खाव्या लागल्या. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी व्यवस्था करून दाखवली. त्या काळी संगणक खोलीएवढा मोठा आणि फार महाग होता. या नव्या व्यवस्थेत अनेक माणसे एकाच वेळी तो वापरू शकत. कोणाच्या फाइली कोणत्या, हे वेगळे ठेवण्यासाठी प्रत्येकाला खाते आणि परवलीचा शब्द देण्यात आला. तेथे अ‍ॅलन शेर नावाचा एक संशोधक विद्यार्थी होता. त्याला संगणकाचा वेळ आठवड्याला फक्त चार तास मिळे. तेवढ्यात त्याचे काम होईना. १९६२ साली त्याने एक युक्ती केली. कोणतीही फाइल छापून मागण्याची सोय त्या व्यवस्थेत होती. त्याने सर्वांचे परवलीचे शब्द असलेली फाइलच छापून मागितली. संगणकाने ती मुकाट्याने छापून दिली!

या गोष्टीतून काय कळते? खात्याला परवलीचा शब्द होता, तरी तो पुरेसा ठरला नाही. खाते कोणाचे आहे हे पाहून संगणक थांबला. त्या खात्याला कशाकशाची परवानगी असावी, हे मात्र त्याने विचारले नाही. दाराला कुलूप होते. पण आत आलेल्या माणसाला सर्व कपाटे उघडी होती.

त्याच व्यवस्थेत पुढे आणखी एक गमतीदार चूक घडली. ती खुद्द व्यवस्थापकांच्या हातून घडली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी, एकाच खात्यातून काम करत होते. एक जण वापरणाऱ्यांसाठी रोजचा निरोप लिहीत होता आणि दुसरा परवलीच्या शब्दांची यादी सुधारत होता. दोघांच्या कच्च्या फाइलींचे नाव एकच निघाले आणि त्यांची अदलाबदल झाली. मग जो जो संगणकापुढे येऊन बसे, त्याला निरोपाऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द वाचायला मिळत. या दोघांच्या मनात काही वाईट नव्हते. ते अडाणीही नव्हते. पण ज्याच्या हातात सर्व अधिकार असतात, त्याची लहानशी चूकही मोठी होते.

१९७५ साली त्याच संस्थेतील जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन शास्त्रज्ञांनी संगणकातील माहितीच्या रक्षणावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी काही तत्त्वे मांडली. त्यांपैकी एक असे की, प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रॅमला आपले काम पार पाडण्यासाठी जेवढे अधिकार लागतात, तेवढेच द्यावेत. जास्त देऊ नयेत. याला आपण ‘कमीत कमी अधिकाराचे तत्त्व’ म्हणू. अम्मीच्या किल्ल्यांची रीत आणि गडाच्या कारभाराची रीत, दोन्हींत तेच तत्त्व आहे.

मग घरातले संगणक या तत्त्वाला कसे मुकले? कारण ते सुरुवातीला एकट्या माणसासाठी बनवले गेले. एकट्याच्या खोलीत किल्ल्या कोणापासून लपवायच्या? ‘विंडोज ९५’ ही व्यवस्था २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आली. तिच्यात नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी चौकट दिसे; पण ‘रद्द करा’ अशा अर्थाची कळ दाबली, तरी संगणक खुशाल आत घेई! योगायोग असा, की त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतातील सामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली होती. म्हणजे ज्या खोलीला कडी नव्हती, तिचे दार थेट भर बाजारात उघडू लागले. २००१ साली ‘विंडोज एक्सपी’ आली. तिच्यात खऱ्या अर्थाने वेगवेगळ्या अधिकारांची खाती होती. पण सुरुवातीला उघडलेले खाते व्यवस्थापकाचेच असे, आणि बहुतेक लोक तेच रोज वापरत राहिले. २००७ साली घरोघर विकायला आलेल्या ‘विंडोज व्हिस्टा’ने मोठे काम करण्यापूर्वी थांबून विचारायला सुरुवात केली. आजचे संगणकही तसेच विचारतात.

हे विचारणे कसे असते, ते लक्षात घ्या. तुम्ही व्यवस्थापकाच्या खात्यात असाल, तर पडदा मंद होतो आणि संगणक फक्त ‘होय’ की ‘नाही’ एवढेच विचारतो. दिवसातून दहा वेळा ‘होय’ दाबण्याची सवय झाली, की अकराव्या वेळी आपण न वाचताच ‘होय’ दाबतो. तुम्ही साध्या खात्यात असाल, तर मात्र संगणक व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द मागतो. तो शब्द लिहिताना हात क्षणभर थांबतो. ‘मी तर नुसता खेळ उघडत होतो, मग याला सगळ्या किल्ल्या कशाला हव्यात?’ असा विचार मनात येतो. तो एक क्षणच आपल्याला वाचवतो.

म्हणूनच एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. साधे खाते फक्त लहान मुलांसाठी नाही. संगणकाचा जो मालक आहे, त्यानेही रोजचे काम साध्या खात्यातूनच करावे. व्यवस्थापकाचे खाते क्वचित, कामापुरतेच वापरावे. अब्बा दुकानाचे मालक आहेत. तरी दिवसभर गल्ला उघडा टाकून ते शिवायला बसत नाहीत. पैसे घेतले की गल्ला बंद करतात.

तुमच्या घरी ही व्यवस्था कशी करता येईल? हे काम मोठ्यांना विचारून, त्यांना शेजारी बसवूनच करा. ‘विंडोज ११’ असलेल्या संगणकावर ‘सेटिंग्ज’ उघडा. त्यात ‘अकाउंट्स’ आणि त्यात ‘अदर यूझर्स’ असा भाग सापडेल. तेथे नवे खाते उघडता येते. सर्वांत आधी केवळ व्यवस्थापनासाठी एक खाते उघडा. नवे खाते साधेच उघडते. त्याचा प्रकार बदलून ते ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करा. त्याचा परवलीचा शब्द घरातील मोठ्यांनी ठरवावा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवावा. मग त्या नव्या खात्यातून एकदा आत जाऊन पाहा. आत जाता आले, म्हणजे काम नीट झाले. त्यानंतरच रोजच्या जुन्या खात्याचा प्रकार बदलून ते साधे करा. हा क्रम उलटा करू नका. नवी किल्ली कुलपाला लागते की नाही, हे पाहिल्याशिवाय कोणी जुनी किल्ली विहिरीत टाकतो का?

यानंतर घरातील प्रत्येकासाठी एकेक साधे खाते उघडा. प्रत्येकाने आपल्या फाइली आपल्या खात्यातील ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘पिक्चर्स’ या जागेत ठेवाव्यात. पुष्कळ घरांत सर्व काही ‘डी’ नावाच्या कप्प्यात टाकण्याची सवय असते. तो कप्पा बहुधा सर्वांना खुला असतो. तेथे ठेवलेली फाइल म्हणजे अंगणात ठेवलेली वस्तू. कुलूप खोलीला आहे, अंगणाला नाही. ‘लिनक्स’ वापरणाऱ्यांच्या संगणकावरही खात्यांची अशीच व्यवस्था असते. तेथे सर्व अधिकार असलेल्या खात्याचे नाव ‘रूट’ असे असते.

एवढे केले म्हणजे सारी चिंता मिटली का? नाही. साध्या खात्यालाही मर्यादा आहेत, आणि त्या ठाऊक नसतील तर आपण गाफील राहू. पहिली मर्यादा अशी, की तुमच्या स्वतःच्या फाइली तुमच्याच खात्यातून खराब होऊ शकतात. भावाची चित्रे साध्या खात्यातही जातील. अब्बांनीच फसवा प्रोग्रॅम उघडला, तर हिशेबही जाईल. यावर उपाय एकच. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या साधनावर काढून ठेवावी आणि प्रत काढून झाली की ते साधन संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावे.

दुसरी मर्यादा अशी, की भिंतीलाच भगदाड असेल, तर कुलूप काय करणार? १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा एक घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. दीडशेहून अधिक देशांतील संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. इंग्लंडमधील अनेक सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. हा प्रोग्रॅम विंडोजमधील एका उणिवेतून थेट शिरत असे. कोणी कळ दाबण्याची त्याला गरज नव्हती. त्या उणिवेची दुरुस्ती कंपनीने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली, त्यांच्या संगणकात या वाटेने तो शिरू शकला नाही. म्हणून संगणक ‘अपडेट’ मागतो, तेव्हा ‘उद्या पाहू’ असे म्हणू नका.

तिसरी मर्यादा माणसाची आहे. कोणी गोड बोलून तुमच्याकडून परवलीचा शब्दच काढून घेतला, तर कोणतेही खाते तुम्हाला वाचवू शकणार नाही. हा शब्द मित्रालाही सांगू नये.

तुमचा धाकटा भाऊ कदाचित विचारील, “मला साधे खाते का? माझ्यावर भरोसा नाही का?” त्याला जवळ बसवून सांगा, “भरोसा आहे. अब्बांचे खातेही साधेच आहे. तुझ्यावर नाही, त्या अनोळखी खेळावर आमचा भरोसा नाही. तुझ्या हातात सगळ्या किल्ल्या नाहीत, म्हणून तू बिनधास्त खेळू शकतोस. तुझ्या हातून चूक झाली, तरी दादाजानचा फोटो सुरक्षित राहील.” मर्यादा म्हणजे शिक्षा नव्हे. तळ्याच्या काठाला कठडा असला, म्हणजे मुले काठावर निर्धास्त खेळतात. कठडा नसेल, तर त्यांना तेथे जाऊच दिले जात नाही.

तुमच्या घरी संगणक नसेल, तरी मोबाइल फोन असेल. अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक अ‍ॅपला एका वेगळ्या भाडेकरूसारखे ठेवलेले असते. एकाला दुसऱ्याच्या खोलीत जाता येत नाही. त्याला कॅमेरा किंवा तुमच्या ओळखीच्या लोकांचे नंबर हवे असतील, तर ते तुमची परवानगी मागते. नुसता उजेड पाडणारे एखादे बॅटरीचे अ‍ॅप तुमच्या मित्रांचे नंबर मागू लागले, तर ‘हो’ म्हणण्यापूर्वी अम्मीचे कपाट आठवा. उजेड पाडायला नंबर कशाला हवेत?

काम पाहून किल्ली द्यावी, आणि काम झाले की ती परत खुंटीवर टांगावी. घर असो, गड असो की संगणक असो, ही रीत पाळणारा निर्धास्त झोपतो.

शब्दार्थ

अधिकार – हक्क, इख्तियार
जुडगा – किल्ल्यांचा गुच्छा
हयात – जिवंत
परवलीचा शब्द – ओळख पटवण्यासाठी ठरवलेला गुप्त शब्द
मर्यादित – ठरावीक हद्दीतले, महदूद
फेरफार – बदल
कोठार – धान्य व सामान साठवण्याची जागा
परवानगी – इजाजत
गाफील – बेसावध
भगदाड – भिंतीला पडलेले मोठे भोक
उणीव – कमतरता, खामी
भाडेकरू – किरायेदार
निर्धास्त – काळजी नसलेला, बेफिकीर

वाक्प्रचार

डोळ्यांसमोर आणणे – कल्पना करणे
ठेचा खाणे – चुकांतून अनुभव घेणे
घर करून राहणे – कायमचे वसणे
ध्यानात ठेवणे – आठवण ठेवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाहुण्यांना कपाटाची किल्ली का लागत नाही?
(आ) प्रोग्रॅमला कोणाचे अधिकार मिळतात?
(इ) गडावरील हजेरी आणि हिशेब कोण पाही?
(ई) अ‍ॅलन शेरने कोणती फाइल छापून मागितली?
(उ) ‘वॉनाक्राय’ कोणत्या दिवशी पसरला?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) साध्या खात्यातून कोणती कामे करता येतात आणि कोणती करता येत नाहीत?
(आ) गडाचा कारभार एकट्या माणसाच्या हाती का नसे?
(इ) परवलीचा शब्द मागितल्यामुळे वापरणाऱ्याला कोणता फायदा होतो?
(ई) साध्या खात्याच्या तीन मर्यादा कोणत्या?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) संगणकाच्या मालकानेही रोज साधे खाते वापरावे.
(आ) जुने खाते साधे करण्यापूर्वी नव्या खात्यातून आत जाऊन पाहावे.
(इ) महत्त्वाच्या फाइली ‘डी’ कप्प्यात उघड्या ठेवू नयेत.

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(अ) सॉल्टझर आणि श्रोडर यांनी आपला लेख ______ साली लिहिला.
(आ) लिनक्समध्ये सर्व अधिकार असलेल्या खात्याचे नाव ______ असे असते.
(इ) ‘फडणीस’ म्हणजे ______.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
मालक, फुकट, सुरक्षित, कच्चा, विश्वास

प्र. ६. पुढील वाक्ये ‘शकणे’ या क्रियापदाचा उपयोग करून पुन्हा लिहा.
नमुना : मला पत्र लिहिता येते. – मी पत्र लिहू शकतो. / मी पत्र लिहू शकते.
(अ) तिला चित्र काढता येते.
(आ) त्यांना हे दार उघडता येत नाही.
(इ) आम्हाला नवे खाते उघडता येते.

प्र. ७. उपक्रम
घरातील मोठ्या माणसांबरोबर बसून एक तक्ता तयार करा. त्यात घरातील प्रत्येकाला संगणकावर किंवा मोबाइल फोनवर कोणते काम करायचे असते आणि त्यासाठी कोणती परवानगी लागते, हे लिहा. हा तक्ता वर्गात वाचून दाखवा.